लँडिडनो (वेल्स): मँचेस्टरहून एका दिवसात, आईबाबांसोबत

चिंचेचं_झाड:
जूनमधल्या एका शनिवारी मँचेस्टरहून लँडिडनोला जाऊन यायचं आहे. सोबत आईबाबा. बाबांचा गुडघा दुखतो, आई शाकाहारी. तिथल्या ग्रेट ऑर्म डोंगरावर चढायचं कसं, आणि दिवसाचा क्रम काय ठेवावा?

रुळावरून:
मँचेस्टर पिकॅडिलीहून थेट गाडी मिळाली तर सव्वादोन तासांच्या आसपास. थेट नसेल तर लँडिडनो जंक्शनला बदलायची. जंक्शन हे वेगळं गाव आहे, तिथे उतरून समुद्र शोधू नका.
आधी डोंगरावर जाणारी ट्राम, मग बाकी सगळं. दुपारी रांग वाढते. गावातल्या ट्रामच्या व्हिक्टोरिया स्टेशनातून निघून हाफवे या मधल्या थांब्यावर डबा बदलावा लागतो, कारण वरच्या आणि खालच्या टप्प्याचे दोर वेगळे आहेत. १९०२ सालापासून हे डबे दोरानेच ओढले जातात: एक चढतो, दुसरा उतरतो, वजनं एकमेकांना तोलतात. माथा २०७ मीटरवर. गावात ऊन असतानाही वर धुकं असू शकतं, म्हणून निघण्याआधी डोंगराकडे एकदा बघा. जूनमध्येही विंडचीटर हवाच.

चिंचेचं_झाड:
केबल कारने गेलो तर?

रुळावरून:
वारा वाढला की ती बंद होते. तिच्या भरवशावर दिवस आखू नका.

ताम्रपट:
हाफवेपासून पाच मिनिटांच्या चालीवर कांस्ययुगातली तांब्याची खाण आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसांनी दगडी हातोडे आणि हाडांची हत्यारं वापरून खोदलेली. माझ्या मते लँडिडनोत याहून मोलाचं काही नाही. पण आत पायऱ्या आणि अरुंद, बुटके बोगदे आहेत. बाबांनी वरचं खोदकाम आणि प्रदर्शन बघावं, आत तुम्ही जा.
डोंगरावर पांढऱ्या, लांब शिंगांच्या बकऱ्या दिसतील. जात मूळची काश्मिरी, पण आता रानटी आहेत. खायला घालू नका.

खारावारा:
आईंसाठी महत्त्वाचं: काही दुकानांत चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात. पाटीवर नेहमी लिहिलेलं नसतं. कशात तळता, आणि त्याच तेलात मासे तळता का, हे दोन्ही प्रश्न विचारा. नुसतं ‘व्हेज आहे का’ विचारलं तर बटाटाच म्हणून ‘हो’ म्हणतील. चिप्सचा पुडा उघडा धरून चालू नका, सीगल मागून येऊन हातातून उचलतात.
पिअर (समुद्रात गेलेला फळ्यांचा धक्का) साधारण ७०० मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन दीड किलोमीटरच्या जवळ. फळ्यांच्या फटीत काठीचं टोक अडकतं, बाबांना सांगून ठेवा. नॉर्थ शोअर या किनाऱ्यावर गोटे आहेत, गुडघ्याला वाईट. मागचा फरसबंद रस्ता सपाट आहे, बाकंही आहेत. वाळू हवी तर वेस्ट शोअर. ओहोटीला तिथलं पाणी फार लांब जातं, पण भरती येताना ते आधी मागच्या सखल भागांत शिरतं आणि परतीची वाट तुटते. त्या दिवसाची भरतीची वेळ आधी बघा, आणि ओहोटी संपायच्या आत किनाऱ्याकडे वळा.