अनुभव धागा : रहस्याच्या गेममध्ये अडकलात, तेव्हा वाट कुणी दाखवली?

चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर मजकूर येतो आणि आपण कमांड टाइप करून खुनाचा तपास लावायचा. अशा टेक्स्ट ॲडव्हेंचरमध्ये सगळेच कुठे ना कुठे अडकतात. नाशिककर खेळाडूंनो, तेव्हा मदत कशी मिळाली ते लिहा. खुनी मात्र सांगू नका.

सुरुवात मी करते. १९८२चा 'डेडलाइन'. तपासाला गेममधले बाराच तास मिळतात आणि जवळजवळ प्रत्येक कमांडला घड्याळ पुढे सरकतं. मी बंगल्यातल्या खोल्या पुन्हा पुन्हा धुंडाळत होते. चुलतभावाने फोनवर एवढंच विचारलं, "माळी कशावरून चिडलाय गं?" गुलाबांवरून! गुलशनाबाद म्हणजे नाशिकचंच जुनं नाव; इथल्या मुलीला तेवढं पुरलं. पुढचं सगळं मी स्वतः शोधलं, आणि तो आनंद त्याने माझ्यासाठी राखून ठेवला म्हणून मी त्याची ऋणी आहे.

सिडकोतून : 'डेडलाइन' काढणाऱ्या इन्फोकॉम कंपनीच्या 'इन्व्हिजिक्लूज' पुस्तिका असत. प्रश्न छापलेला, उत्तरं अदृश्य शाईत. खास मार्कर फिरवला की एकेक ओळ उमटायची. आधी मोघम, शेवटी स्पष्ट. नुसते प्रश्न वाचून कुणी कथानक ओळखू नये म्हणून मधेच खोटे प्रश्नही पेरलेले. आमच्या गटात आम्ही हेच चिठ्ठ्यांवर करतो. ज्याचा गेम संपला तो तीन चिठ्ठ्या लिहितो : कुठे बघ, काय बघ, काय कर. तिसरी उघडायची वेळ क्वचितच येते. वॉकथ्रू, म्हणजे अख्ख्या गेमची पायरीपायरीने दिलेली उत्तरं, वाचण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

नाशिकरोडहून : माझं घोडं कमांडपाशी अडलं होतं. काय करायचं ते ठाऊक होतं, पण गेमला कळेल असं क्रियापद सुचेना. देवळालीच्या मित्राने सरळ सांगून टाकलं. अशा वेळी आडून सुचवत बसू नये, त्यात रहस्य काहीच नसतं.

पंचवटीतून : सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्या मेथी निवडत असतात, मी मराठीत वाचून दाखवते. एका छोट्या गेममध्ये मी पार थांबले होते. त्या म्हणाल्या, "घरात मयत झालंय नि ही बाई बाहेरचे बूट घालून कशाला बसलीये?" बूट तपासले, तर तळाला ओला चिखल. गेम न खेळलेल्या माणसाला उत्तर माहीत नसतं, म्हणून तो खरोखरच विचार करतो. आता कुठलाही तपास मी त्यांच्याशिवाय सुरू करत नाही.

इंदिरानगरहून : मी सध्या १९८३च्या 'द विटनेस'मध्ये अडकलोय. खून डोळ्यांदेखत झाला, तरी धागा हाती लागत नाही. सिडकोकर, पहिली चिठ्ठी टाकाल का? दुसरी-तिसरी तुमच्याकडेच राहू द्या.