इप मॅन मोठा कशामुळे? पडद्यावरच्या मारामारीमुळे की हाँगकाँगमधल्या शिकवणीमुळे?

रानवारा

कुंग फूचा चिनी गुरू इप मॅन याच्यावरचा २००८चा सिनेमा परवा घरी पुन्हा लावला होता. डॉनी येन एकटा दहा जपानी कराटेवाल्यांना लोळवतो तो प्रसंग आला आणि भाच्याने विचारलं, "मामा, हे खरंच घडलं होतं?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. "मग तो एवढा मोठा कशामुळे?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

इप मॅन १८९३ साली चीनच्या दक्षिणेला फोशान शहरात, खात्यापित्या घरात जन्मला. चान वा-शुन हा नाणी बदलून देण्याचा धंदा करणारा म्हातारा त्यांच्याच घराण्याच्या वास्तूत विंग चुन ही कुंग फूची शैली शिकवायचा. त्याचे सगळे मिळून शिष्य सोळा, आणि इप मॅन त्यातला शेवटचा. इतक्या मोजक्या हातांत ही विद्या होती. इप मॅनला घरचं उत्पन्न होतं, शिकवून पोट भरायची वेळ कधी आली नव्हती.

१९३८ला जपान्यांनी फोशान घेतलं आणि ती श्रीमंती गेली. युद्धानंतर त्याने पोलिसात नोकरी केली, ती कुओमिंतांग या कम्युनिस्टांच्या विरोधी पक्षाच्या राजवटीत. त्यामुळे १९४९ला कम्युनिस्ट आल्यावर त्याला तेव्हा ब्रिटिशांकडे असलेलं हाँगकाँग गाठावं लागलं. सिनेमात तो जपान्यांमुळे गाव सोडतो. खरं कारण गाळलंय, आणि चीनमध्ये राज्य कम्युनिस्टांचंच असताना ते का गाळलं असेल हे उघड आहे. १९५०मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी, तो हॉटेल कामगारांच्या युनियनच्या जागेत शिकवायला उभा राहिला. समोर दिवसभर राबून आलेली माणसं. वाड्यात वाढलेल्या माणसाने उतारवयात हे करावं, याला माझ्या मते दहा जणांना लोळवण्यापेक्षा जास्त छाती लागते.

तालमीतला

विषय चांगला, पण निष्कर्ष पटला नाही. माणूस पोटासाठी शिकवायला लागला, यात छाती कसली? वेळ आली म्हणून शिकवलं. आमच्या गावच्या वस्तादांनी चाळीस वर्षं पोरं घडवली, एका पोराकडून पैसा घेतला नाही. विद्येला फी लागली की पैसे देणाऱ्याला खूश ठेवावं लागतं, आणि विद्या पातळ होते. दुसरं म्हणजे ब्रूस ली त्याच्याकडे शिकला नसता तर आज आपण हे नाव घेतलं असतं का?

प्राची_द

मी पुण्यात पाच वर्षं विंग चुन शिकतेय, म्हणून राहवलं नाही. पातळ होण्याबद्दल बोलायचं तर चि साओ एकदा करून पाहा. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं आणि हात गोल फिरवत राहायचे. समोरच्याचा दाब जरा ढिला पडला की तिथूनच आपला हात आत जातो. आमचे सर डोळ्यांना रुमाल बांधून करायला लावतात. पहिले सहा महिने मी नुसती खांद्यात ताकद आणून ढकलत होते, आणि प्रत्येक वेळी माझ्याच छातीवर तळवा बसायचा. एक दिवस खांदा आपोआप सुटला, आणि सर काही न बोलता नुसते हसले.

हे सिगुंगनी (गुरूंचे गुरू, आम्ही इप मॅनना तसंच म्हणतो) सोपं करून ठेवलं म्हणून आमच्यापर्यंत आलं. पंचमहाभूतं, बाग्वा असली जुनी गूढ भाषा त्यांनी शिकवण्यातून काढून टाकली, असं त्यांचा मुलगा इप चुन सांगायचा. वेटरला कळेल अशा भाषेत विद्या आणणं म्हणजे पातळ करणं नव्हे.

रानवारा

@तालमीतला, तुमच्या वस्तादांना नमस्कार. पण कोल्हापूरच्या तालमींमागे शाहू महाराज होते, खुराकापासून मैदानापर्यंत सगळं दरबाराने पाहिलं. हाँगकाँगमध्ये लाखो निर्वासित येऊन पडले होते, तिथे इप मॅनला कोण राजा भेटणार? फी घेतली नसती तर त्याची विद्या त्याच्याबरोबरच गेली असती.

ब्रूस लीचं म्हणाल तर तो पोरवयात काही वर्षं शिकला, त्यातलं बरंचसं इप मॅनचा थोरला शिष्य वाँग शुन-लेउंग याच्याकडे, आणि १९५९ला अमेरिकेला गेला. हाच वाँग पन्नासच्या दशकात इतर शैलींच्या पोरांशी गच्चीवर कुस्त्या लावाव्यात तशा लढती लढत होता. विंग चुनचं नाव हाँगकाँगमध्ये झालं ते अशा लढतींनी, ब्रूस ली जगाला माहीत होण्याच्या कितीतरी आधी.

शेवंता

सगळं खरं, पण त्याच्या बायकोचं कोणीच लिहिलं नाही. चेउंग विंग-सिंग फोशानला राहिली, १९५१ला सरहद्द बंद झाली आणि १९६०मध्ये ती तिथेच वारली. पुन्हा भेट नाही. दरम्यान इकडे त्याचा दुसरा संसार झाला होता. इप चुन आणि इप चिंग ही दोन मुलं हाँगकाँगला आली ती १९६२मध्ये. सरहद्द त्याने बंद केली नव्हती, हे मान्य. तरी सिनेमात बायकोवर जीव टाकणारा नवरा दिसतो तेव्हा मला फोशानमधली ती बाई आठवते आणि राग येतो. गुरूचं मोठेपण मोजताना ही किंमतही धरा.

रानवारा

धरायलाच हवी. मी ते लिहायला हवं होतं, माझी चूक.

एक मात्र सगळ्यांनी पाहा. इप मॅन २ डिसेंबर १९७२ला घशाच्या कर्करोगाने गेला. त्याआधी, शेवटच्या दिवसांत, घरच्या घरी त्याचं ८ मिलिमीटर फिल्मवर चित्रण झालं. आवाज नाही. वाळलेला म्हातारा सिउ निम ताओ करतो, चुम किउ करतो (हे विंग चुनमधले हालचालींचे ठरलेले क्रम), मग लाकडी पुतळ्यासमोर उभा राहून त्याच्या दांड्यांवर एकेक हात ठेवत जातो. आपण गेल्यावर पोरांमध्ये हात कसा ठेवायचा यावरून वाद होणार, हे त्याला कळलं असणार असं मला वाटतं. भाच्याला तेच दाखवलं. मारामारी नाही म्हणून कंटाळेल असं वाटलं होतं, पण तो स्क्रीनच्या जवळ सरकला.

तालमीतला

आत्ताच पाहिली, दोनदा. माणूस मरणाच्या दारात आहे आणि हाताला घाई नाही. आमचे वस्ताद शेवटच्या वर्षी खाटेवर बसून पोरांची पकड अशीच हाताने दुरुस्त करायचे, ते आठवलं. फीबद्दलचं माझं मत तेच आहे. पण रविवारी तालमीत पोरांना ही फिल्म दाखवणार आहे.