अनुभव धागा : तुम्ही नवखे होतात तेव्हा तुम्हाला कुठे, कसं अडवलं?

उंबरठा

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन. वय ५२, बँकेत नोकरी, स्वभाव तापट. "तुझ्या त्या विकिपीडियाने मला हाकललं!"

त्याने केलं काय होतं? काहीच नाही. खातंही उघडलेलं नव्हतं. मोबाईलवर एका किल्ल्याची उंची चुकलेली दिसली, म्हणून 'संपादन' दाबलं. समोर चौकट आली की हा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला क्रमांक) प्रतिबंधित आहे, कारण उत्पात, म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस. "मी कसला उत्पात केला गं?" हे त्याने चार वेळा विचारलं.

मोबाईल कंपन्या असंख्य ग्राहकांना थोड्याशाच पत्त्यांमागे बसवतात. त्यातला कुणीतरी पानापानावर शिव्या लिहीत सुटतो, मग त्या पत्त्यांचा अख्खा पट्टाच काही काळ बंद होतो. चाळीत एकाने नळ उघडा टाकला म्हणून मजल्याचं पाणी तोडावं, तसं. ऑफिसचं व्हीपीएन (दुसऱ्याच पत्त्यावरून इंटरनेट वापरायची सोय) चालू राहिलं तरी बरेचदा हीच चौकट दिसते. बहुतेक वेळा असा पट्टा फक्त बिनखात्याच्या लोकांना बंद असतो, म्हणजे खातं उघडून गेलं की काम होतं. भावाने शेजाऱ्यांच्या वायफायवरून खातं उघडलं. किल्ल्याची उंची मात्र त्याने अजून दुरुस्त केलेली नाही. रुसलाय.

त्यावरून हा धागा. विकिपीडिया, नकाशे, प्रश्नोत्तरं, कुठलाही सामायिक प्रकल्प चालेल. नियम समजावताना प्रकल्पाचं नाव घ्या, पण गाऱ्हाणं मांडताना कुणाचं नाव नको. उणीदुणी काढायला बाकी आयुष्य आहे.

निवृत्त_मास्तर

ताई, तुमच्या भावाला न केलेल्या कर्माची शिक्षा झाली. मला केलेल्या कर्माची.

मी ३४ वर्षे प्राथमिक शिक्षक. एकही मेमो नाही. निवृत्तीनंतर मुलीने लॅपटॉप दिला आणि पहिला उद्योग सुचला तो विकिपीडियावरचे आमच्या गावाचे पान भरण्याचा. पानात दोन ओळी होत्या. मी सोळा परिच्छेद लिहिले, 'सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आमचे निसर्गरम्य गाव' इथपासून विद्यमान सरपंचांच्या धडाडीपर्यंत. चहा घेऊन आलो तर पुन्हा दोन ओळी. वाटले, सेव्ह झाले नाही. पुन्हा चिकटवले. जेवून आलो, पुन्हा दोन ओळी. असे चार वेळा चिकटवले आणि त्यानंतर कळले की मला २४ तासांची बंदी आहे.

तीन उलटवण्यांचा नियम नंतर वाचला. एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचा बदल उलटवला, म्हणजे पुसून पान पूर्वीसारखे केले, की बंदी घालता येते. भांडण चालू आहे हेच मला ठाऊक नव्हते! मी आपला सेव्ह करीत होतो.

खरी गंमत पुढे. महिन्याभराने नातवाने दाखवले की माझ्या नावाचे एक 'चर्चा पान' आहे आणि त्यावर मला तीन निरोप आलेले आहेत. पहिला बंदीच्याही आधीचा. सूचना बोर्डावर लागलेली आणि आम्ही स्टाफरूममध्ये. दोन निरोप साच्यातले, म्हणजे सगळ्यांना तेच चिकटवायचे, होते; ते वाचून मी आणखीच संतापलो असतो. तिसरा असा: "सर, हे गाव माझ्या आजोळाच्या शेजारचं. २०११ च्या जनगणनेची ग्रामनिर्देशिका उघडा, कुटुंबं, लोकसंख्या, क्षेत्रफळ सगळं मिळेल, ते संदर्भासकट टाका. 'निसर्गरम्य' आणि सरपंच तेवढे वगळा. आधी धूळपाटीवर लिहून बघा."

धूळपाटी! सरावाच्या पानाला दिलेला हा शब्द वाचला आणि राग गेला. आम्ही धूळपाटीवरच अक्षरे गिरवली.

तरी एक तक्रार राहतेच. संदर्भ द्या म्हणतात, आणि नव्या माणसाने संदर्भाचा बाहेरचा दुवा टाकला की वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरे ओळखायला लावतात. मराठीत लिहायला आलेल्या माणसाला! नातू शाळेतून येईपर्यंत माझा संदर्भ ताटकळत बसायचा. आता सवय झाली. गावाच्या वेशीवरच्या वीरगळांचे अकरा फोटोही चढवले आहेत.

पुस्तकवेडी

मास्तर, तुमचं निदान लिहिलेलं काढलं. माझं नावच नापास.

आमच्या वाचनालयाची माहिती नीट करायची म्हणून कार्यकारिणीत ठराव करून आम्ही खातं उघडलं. सदस्यनाव अर्थातच वाचनालयाचं. पासवर्ड तिघींकडे, म्हणजे जिला वेळ मिळेल ती लिहील. दुसऱ्या दिवशी खातं बंद. इंग्रजी विकिपीडियावर संस्थेच्या नावाचं खातं जाहिरातीसारखं मानतात, आणि एक खातं अनेकांनी वापरणंही चालत नाही. एक खातं म्हणजे एक माणूस. आम्ही एकाच दगडात दोन्ही नियम मोडले होते.

बंदी तशी मवाळ होती. नाव बदलून घ्या किंवा स्वतःच्या नावाने नवं खातं उघडा, एवढंच लिहिलं होतं. पण 'प्रतिबंधित' हा शब्द पाहून आमच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "पोलिसांपर्यंत तर नाही ना जाणार?" त्यानंतर तिघींपैकी मी एकटीच उरले.

गोदाकाठ

जानेवारीतला भाषा पंधरवडा, विकिपीडियाची कार्यशाळा, कॉलेजची संगणक प्रयोगशाळा, ४० विद्यार्थी, पाहुण्यांना नारळ-शाल देऊन झालेली. "चला, आता सर्वांनी खाती उघडा." सहा मुलांची उघडली. सातवीला अडलं. आठव्याला अडलं. मागच्या बाकांवर हशा.

एका आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात, आणि अख्खी प्रयोगशाळा बाहेर एकाच पत्त्याने दिसते. कार्यशाळेआधी कळवलं तर ही मर्यादा त्या दिवसापुरती उठवून मिळते, पण हे आयोजकांपैकी कुणाला माहीत असेल तर ना! शेवटी मुलांनीच मार्ग काढला. मोबाईलचे हॉटस्पॉट, प्रत्येकावर सहा-सहा जण. मला वाटलं, जिंकलो.

मग मुलांनी एकाच तासात, एकाच विषयावर, एकाच पाठ्यपुस्तकातला मजकूर वेगवेगळ्या पानांवर उतरवला. नवे बदल तपासत गस्त घालणाऱ्याला काय दिसलं असेल? नुकती जन्मलेली पस्तीसेक खाती आणि सगळ्यांची भाषा एक. त्यांच्याकडे अशा खात्यांना बाहुल्या म्हणतात, म्हणजे नाचवणारा माणूस एकच. चार वाजेपर्यंत निम्म्या मुलांची खाती बंद. चूक आमची होती, प्रताधिकाराचा मजकूर जसाच्या तसा उचलणं कुठेच चालत नाही. पण एक मुलगी पाठ्यपुस्तकातलं न उतरवता घरच्या चुलीवरच्या मांड्यांबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहीत होती. सुक्याबरोबर ओलंही जळलं. दुसऱ्या वर्षी तिला बोलावलं तर म्हणाली, "सर, मी नोंदणीच्या टेबलावर बसते."

निवांत

प्रोग्रॅमिंगचं एक नामांकित प्रश्नोत्तर स्थळ. एका उत्तरात चूक दिसली. टिप्पणी करायला ५० गुण लागतात, माझ्याकडे १. म्हणून चूक उत्तराच्या चौकटीत लिहिली. "हे उत्तर नाही" म्हणून काढून टाकली. गुण मिळवायला प्रश्न विचारला, तर "आधी विचारला गेलाय" म्हणून बंद. अनुभव असल्याशिवाय नोकरी नाही, नोकरी असल्याशिवाय अनुभव नाही. बाकी काही सांगण्यासारखं नाही. चूक अजून तिथेच आहे.

पायवाट

माझी बंदी शून्य तासांची होती. थट्टा नाही.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनी मिळून काढलेला नकाशा. आमच्या पाड्याकडे जाणारे रस्ते त्यावर नव्हते, ते मी टाकू लागलो. नावं कुठून आणायची? शेजारच्या खिडकीत एक व्यापारी नकाशा उघडा ठेवला आणि बघून बघून लिहीत गेलो. मला वाटलं, रस्त्याच्या नावावर कुणाचा काय हक्क! एके दिवशी बदल जतन होईना. पुन्हा लॉगिन करून एक निरोप वाचावा लागला, आणि वाचल्याक्षणी बंदी संपली. शून्य तासांचा अर्थ हाच की माणसाने फक्त थांबून वाचावं. दुसऱ्या नकाशावरून नक्कल केली तर प्रताधिकाराचं झेंगट संपूर्ण प्रकल्पाच्या गळ्यात येतं, असं त्यात लिहिलं होतं, आणि कुठले बदल मागे घ्यावे लागतील तेही.

मग मोबाईलचं जीपीएस चालू करून पायी फिरलो. त्या व्यापारी नकाशात दोन पाड्यांच्या नावांची अदलाबदल झालेली निघाली. मी तीच चूक उतरवून बसलो होतो.

इथे कुणी साच्यातल्या निरोपांना शिव्या देईल म्हणून सांगतो, माझाही निरोप बहुधा साच्यातलाच असावा. पण मी तो वाचल्याशिवाय पुढे जाऊच शकत नव्हतो. मास्तरांचा महिनाभर पडून राहिला.

एडिसनकर

पणजोबा शाहीर होते. त्यांच्यावर इंग्रजी विकिपीडियात लेख लिहायला घेतला. तिथे २०१८ पासून खातं किमान चार दिवस जुनं आणि दहा बदल झालेले असल्याशिवाय नवा लेख थेट टाकता येत नाही. मसुदा करून तपासणीला द्यायचा. माझा दोनदा परत आला. 'उल्लेखनीयता', म्हणजे स्वतंत्र लेख व्हावा इतकी इतरांनी घेतलेली दखल, दिसत नाही, आणि तुम्ही नातेवाईक आहात तर तसं जाहीर करा.

मी इकडे न्यू जर्सीत बसून फणफणलो की यांना पोवाडा म्हणजे काय ते तरी माहीत आहे का. मग पुण्याच्या आत्याने सुनावलं, "अरे, पण तू संदर्भ काय दिलास? आपल्याच घरच्या स्मरणिकेचा ना?" बरोबर होतं तिचं. संदर्भ इंटरनेटवरच असायला हवा, हा माझा गैरसमज होता. छापील मासिकाचा अंक, वर्ष, पान दिलं तरी चालतं. सध्या आत्या ग्रंथालयात जुने अंक चाळते आहे. तिचं वय ७४ आणि धुळीची ॲलर्जी.

जुना_गस्तकरी

सगळे अडवले गेलेले बोलले. मी अडवणारा.

प्रकल्पाचं नाव सांगत नाही. रोज रात्री जेवण झालं की 'अलीकडील बदल'ची यादी उघडायची. निवडणुका आल्या की इच्छुकांची चरित्रं, दहावीचा निकाल लागला की क्लासेसच्या जाहिराती, सुटीत मुलांचे "राहुल गाढव आहे". एक बदल वाचायला दहा सेकंद. उलटवायला एक क्लिक. तासाभरात शंभर बदल पाहिले की माणूस दिसेनासा होतो, फक्त मजकूर किती घटला-वाढला त्याचे लाल-हिरवे आकडे दिसतात. हे समर्थन नाही, पण ते काम कुणी करून पाहिलं नसेल तर करून पाहा.

एका रात्री एक नवं खातं जात्यावरच्या ओव्यांबद्दल लिहीत होतं. ओव्या सुंदर, संदर्भ एकही नाही. "माझ्या आईकडून ऐकलेल्या" असं शेवटी लिहिलेलं. मी उलटवलं, कारण दिलं 'मूळ संशोधन', म्हणजे प्रकाशित आधार नसलेला मजकूर. तिने पुन्हा टाकलं. मी पुन्हा उलटवलं. तिसऱ्यांदा तिने तेच दुसऱ्या पानावर टाकलं. मी तीन दिवसांची बंदी घातली आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी आठवणीतही नव्हतं.

तिने बंदी संपल्यावर माझ्या चर्चा पानावर लिहिलं होतं: "दादा, मी काय चुकले ते सांगाल का? आईच्या ओव्या कुठे लिहायच्या असतात?" मी त्या आठवड्यात लग्नासाठी गावी. नवव्या दिवशी उत्तर दिलं, चांगलं लांबलचक. ते खातं पुन्हा कधी उघडलेलं दिसलं नाही.

उत्तरात मी जे लिहिलं ते पहिल्या रात्री लिहिता आलं असतं. संदर्भ होता हो! गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आहेत. तिच्या आईच्या चार ओव्यांशी जुळणारं काहीतरी त्यात सापडण्याची शक्यता दांडगी होती. मला तो संग्रह तेव्हाही माहीत होता. फक्त मी ओव्या वाचल्या नव्हत्या, तळटीप आहे का तेवढं पाहिलं होतं.

'नवख्यांना चावू नका' अशी विकिपीडियाची मार्गदर्शक सूचनाच आहे. मी ती इतरांना चिकटवायचो. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये शिखराला पोचली आणि मग उतरत गेली. २०१३ मध्ये आरॉन हाफेकर आणि सहकाऱ्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. भल्या हेतूने आलेल्या नवख्यांचं काम उलटवलं जाणं आणि उलटवायला वापरली जाणारी अर्धस्वयंचलित साधनं, यांचा संबंध त्यांनी नवखे निघून जाण्याशी दाखवला. मी वाचलं तेव्हा मला आकडे आठवले नाहीत, तो 'दादा' आठवला.

आता गस्त सोडली. नव्या खात्यांच्या चर्चा पानांवर हाताने निरोप लिहितो. दिवसाला तीन-चार होतात.

निवृत्त_मास्तर

गस्तकरी, एक विचारू? आपले आजोळ आमच्या तालुक्यात आहे का?

जुना_गस्तकरी

नाही मास्तर. तो मी नव्हे.

पुस्तकवेडी

त्या बाईंच्या आईच्या ओव्यांचं काय झालं? उलटवलेलं पानाच्या इतिहासात राहतं ना?

जुना_गस्तकरी

राहतं. मीच शोधून, संदर्भ लावून परत टाकल्या, दोन. उरलेल्या दोन संग्रहात सापडल्या नाहीत, त्या टाकता आल्या नाहीत. त्या माझ्या वहीत आहेत.

कालच_आले

इतका वेळ फक्त वाचत होते. मी कालच खातं उघडलं आहे. चार दिवस आणि दहा बदल म्हणताय, तर माझे दोन झालेत. पण दोन्ही ठिकाणी फक्त 'तालूका' चं 'तालुका' केलं. असले मोजतात का?

पायवाट

मोजतात.