एमसीबी झिजते, वीक होते की निबर?

जुळे_सोलापूर
सोसायटीची नोटीस मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मूळ इंग्रजी मजकुराचा आशय असा, की घरातले सर्किट ब्रेकरही, म्हणजे जादा करंट झाला की आपोआप पडून वीज तोडणाऱ्या एमसीबी, वयानुसार कामातून जातात. फार जुने असतील तर तपासून घ्या, लागलं तर बदला. मी लिहिलं, 'एमसीबी झिजतात.' खाली मीटरपाशी वायरमन काम करत होता, त्याला वाचून दाखवलं. टेस्टर खिशात घालून हसला. "झिजायला ती काय चप्पल हाय का ओ सर? वीक झाली म्हणा की." आता नोटिशीत 'वीक' लिहायला हात धजत नाही आणि 'खराब' फार मोघम. काय लिहू?

शुद्धलेखनी
मुळात 'एमसीबी' कशाला? 'जीर्ण परिपथखंडक बदलून घ्यावेत.' संपलं.

कडक_भाकरी
ताई, आमच्या मजल्यावरच्या आजींना वाटेल कुठलं तरी पारायण खंडित झालं. सरळ 'खटका' म्हणा की.

शुद्धलेखनी
खटका म्हणजे बंदुकीचा चाप, आणि मनातली शंकासुद्धा. शिवाय 'तीन नंबरमध्ये सारखे खटके उडतात' असं नोटिशीत आलं तर काय अर्थ होईल?

कडक_भाकरी
आमच्या तीन नंबरमध्ये तसेही उडतात.

धोटा
साखर पेठेत आमचे माग होते. आजोबा विचारायचे, 'फ्यूज बांधला का रे?' फ्यूज बांधायचा असतो, एमसीबी उचलायची असते. फ्यूज उडतो, एमसीबी पडते. लोकांनी क्रियापदं किती नेमकी निवडलीत बघा. आणि 'फ्यूज' हा शब्द लॅटिनमधल्या चातीवरून आलाय. म्हणजे विजेच्या पेटीतसुद्धा आमचंच सूत!

जुनी_तार
धोटाअण्णा, अर्धं बरोबर. चातीवरून आला तो बॉम्बच्या वातीचा फ्यूज. विजेचा फ्यूज 'वितळणे' या अर्थाच्या धातूवरून आलाय. शाळेच्या पुस्तकातली 'वितळतार' म्हणून अगदी चपखल, शुद्धलेखनीताईंनाही चालेल.
मूळ प्रश्नाबद्दल. मी तीस वर्षं हेच काम केलं, म्हणून सांगतो, तुमचं 'झिजते' अगदीच चूक नाही. आत दोन टिकल्या एकमेकींना चिकटतात नि सुटतात. सुटताना ठिणगी पडते, तेवढी टिकली जळते. मोठा शॉर्ट झाला की एका दणक्यात बरीच जाते. आयएस/आयईसी ६०८९८ या मानकात एमसीबी पूर्ण करंटवर ४,००० वेळा चालू-बंद करून बघतात. घरात कोण एवढं करतंय? त्यामुळे घरातली सहसा झिजून मरत नाही. एक तर स्क्रू ढिला राहून तापते, नाहीतर वर्षानुवर्षं न हलवल्यानं आतली यंत्रणा जाम होते.

जुळे_सोलापूर
पण काका, आमच्या दोन नंबरची मे महिन्यात रोज दुपारी तीनला पडायची. नवी बसवली, तीही पडते.

जुनी_तार
पेटी कुठं आहे? पश्चिमेच्या भिंतीवर, गॅलरीत?

जुळे_सोलापूर
हो!

जुनी_तार
मग तिला म्हातारी का म्हणता? आत दोन धातूंची जोडपट्टी असते, ती तापली की वाकते आणि खटका पाडते. कंपनीत तिचं माप ३० अंशाला बसवलेलं असतं: तिच्यावर लिहिलेल्या करंटच्या १.१३ पटीला तासभर पडायची नाही, १.४५ पटीला तासाभरात पडलीच पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४३. त्या पत्र्याच्या पेटीत हात घालून बघा. पट्टी निम्मी आधीच वाकलेली, त्यात एसी लावला. ती एमसीबी हळवी झालीय, वीक नाही. आधी पेटी सावलीत घ्या.

कडक_भाकरी
हळवी! लई भारी. माझी मेव्हणी.

जुनी_तार
भीती उलट्या जातीची असते. पडायला पाहिजे तेव्हा जी पडतच नाही. एका जुन्या वाड्यात शॉर्ट झाला, मागचा गिलावा काळा पडला, वायरचं प्लास्टिक ठिबकलं आणि बाईसाहेब दांडा वर करून उभ्या! तिला आम्ही 'निबर' म्हणायचो. वर्षातून एक-दोनदा हातानं खाली-वर करावी म्हणतात, त्यानं यंत्रणा मोकळी राहते, पण जोडपट्टी शाबूत आहे की नाही ते त्यातून कळत नाही. शेजारच्या आरसीसीबीला, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी असते तिला, 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते मात्र दाबून बघायलाच हवं.

धोटा
आमच्या शेडमध्ये एका कामगारानं एमसीबी पडू नये म्हणून दांड्यात काडेपेटीची काडी खोवली होती. तरी लाईट गेली! दांडा वर तो वरच.

जुनी_तार
जाणारच. दांडा धरून ठेवला तरी आतून सुटते, रचनाच तशी आहे.

शुद्धलेखनी
'निबर' भेंडीला म्हणतात. उपकरणाला कसं लावणार?

कडक_भाकरी
भेंडी मोडत नाही तेव्हा निबर. एमसीबी पडत नाही तेव्हा निबर. मंगळवार पेठेच्या बाजारात भेंडीचं टोक मोडून बघतात ना, तसंच.

शुद्धलेखनी
टोक मोडून बघायला एमसीबीला टोक कुठंय? आणि सगळे 'ती' का म्हणताय? खंडक पुल्लिंगी आहे.

जुनी_तार
ब्रेकर 'तो', एमसीबी 'ती'. मोठा असेल तर 'तो एमसीसीबी'. असंच ऐकत आलोय, कारण विचारू नका.

धोटा
कारण आहे. मोठा तो, लहान ती. गाडी-गाडा, सुरी-सुरा.

शुद्धलेखनी
मग मोटार 'ती' आणि स्क्रू 'तो' कसा? हे नियम घरी बसून तयार होतात.

जुळे_सोलापूर
मंडळी, नोटीस उद्या सकाळी लिफ्टशेजारी लावायचीय. सध्या असं लिहिलंय: 'उगाच पडणारी एमसीबी आधी सावलीत न्या. कधीच न पडणारी वायरमनला दाखवा.' एकच शब्द सापडला नाही, दोन वाक्यं झाली. चालेल का?

कडक_भाकरी
'सावलीत न्या' वाचून आजी कुंडी आत घेतील.

धोटा
ते राहू द्या. काका, बॉम्बची वात चातीसारखी का दिसायची? आमच्या चातीवर कांडी भरली की ती मधे फुगते, दोन्ही टोकांना निमुळती. तशीच नळकांडी असायची का?