मदत हवी आहे: पसरणारा गुलाब लातूरच्या उन्हात कसा टिकवावा?

घरासमोर १० बाय ४ फुटांचा वाफा आहे. काळी चिकण माती, दुपारनंतरचं थेट ऊन, बोअरचं जड पाणी. उन्हाळ्यात तेही आठवड्यातून दोनदाच.

मागच्या जूनमध्ये 'द फेअरी' या पसरणाऱ्या गुलाबाची दोन कलमं लावली. पावसात मुळाशी पाणी साचून एक गेलं. दुसरं जगलं, पण नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत घातलं, फेरस सल्फेट (लोहाचं खत) दिलं. महिनाभर बरं वाटतं, पुन्हा तेच. उसाच्या पाचटाचं आच्छादन मात्र छान लागू पडलं, ओल टिकते. कलमाखालचे फुटवे वेळच्या वेळी काढतो.

कुंड्या नकोत. फवारणीही नको, मुलं तिथेच खेळतात.

गादीवाफा किती उंच करू? आणि पिवळेपणावर कायमचा उपाय कुणाला सापडलाय का?