हृदयरोग संशोधकाच्या शोधनिबंधांची नोंद कशी वाचावी?

वैद्यकीय_ग्रंथपाल
नमस्कार. मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. पदोन्नतीच्या अर्जांसोबत आलेल्या शोधनिबंधांच्या याद्या पडताळण्याचे काम आता आमच्याकडे आले आहे. हृदयरोग विभागातील एका अर्जदाराचे निबंध मोजके आहेत, पण बहुतेकांत ते पहिले लेखक आहेत. दुसऱ्या अर्जदाराच्या नावावर बहुराष्ट्रीय चाचण्यांचे निबंध असून सायटेशन्स (इतर निबंधांत झालेले उल्लेख) हजारोंनी आहेत, मात्र त्यांचे नाव लेखकांच्या लांबलचक यादीत मध्येच कुठेतरी येते. त्यातच गूगल स्कॉलर एच-इंडेक्स (किमान तितक्याच वेळा उद्धृत झालेल्या निबंधांची संख्या) एक दाखवते आणि स्कोपस हा शोधनिबंधांचा डेटाबेस दुसराच. समितीला तुलनेसाठी एकच आकडा हवा आहे. या विषयात सायटेशन्सचा आकडा नेमके काय सांगतो आणि मी नोंद कशी तयार करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

साथरोग_अभ्यासक
मॅडम, एका सर्वज्ञात उदाहरणावरून सांगतो. डॉ. सलीम युसुफ मूळचे केरळचे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स महाविद्यालयातून एमबीबीएस होऊन ते ऑक्सफर्डला गेले आणि पुढे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात स्थिरावले. जगात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या हृदयरोग संशोधकांत त्यांची गणना होते. त्यांची कामे पाहिली की एवढी सायटेशन्स कुठून येतात ते कळते. १९८६ च्या आयसिस-१ चाचणीत सोळा हजारांवर रुग्ण होते आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच दिलेल्या अटेनोलॉल या बीटा-ब्लॉकर औषधामुळे पहिल्या आठवड्यातील रक्तवाहिन्यासंबंधी मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी घटल्याचे तीत दिसले. २००० च्या होप चाचणीत रॅमिप्रिल होते, २००१ च्या क्युअरमध्ये क्लोपिडोग्रेल. या औषधांच्या उपयोगाबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाला या निबंधांचा आधार द्यावाच लागतो.

२००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आलेला इंटरहार्टचा निबंध तर ५२ देशांतील सुमारे तीस हजार लोकांच्या माहितीवर उभा आहे. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा पुरुषांतील ९० आणि स्त्रियांतील ९४ टक्के धोका नऊ घटकांनी स्पष्ट होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र ही माहिती मॅकमास्टरमध्ये बसून गोळा झालेली नाही. ती ठिकठिकाणच्या रुग्णालयांतील डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णामागे अर्ज भरून, कंबर-नितंबाचे माप घेऊन आणि रक्ताचे नमुने पाठवून जमवली. याच माहितीवरून दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरांना जवळजवळ ५९ व्या, हे दाखवणारा निबंध २००७ मध्ये जामा या नियतकालिकात आला आणि त्याचे पहिले लेखक होते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. प्रशांत जोशी. म्हणून ‘मध्येच कुठेतरी नाव’ म्हणजे फुकटचे श्रेय, असे गृहीत धरू नये. अनेक नियतकालिके निबंधाच्या शेवटी प्रत्येक लेखकाचे योगदान छापतात. तो परिच्छेद अवश्य वाचा; समितीच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी माहिती तिथेच असते.

भूलतज्ज्ञ
वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण आमच्या क्षेत्रातील एक प्रकरण समितीला माहीत असायलाच हवे. रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रातील डॉन पोल्डरमन्स यांचे नाव एकेकाळी प्रचंड उद्धृत होत असे. १९९९ मधील त्यांच्या ११२ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या वेळी बिसोप्रोलॉल हे बीटा-ब्लॉकर दिलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका ३.४ टक्के, तर न दिलेल्यांत ३४ टक्के दाखवला होता. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २००९ मधील मार्गदर्शक सूचना तयार करणाऱ्या गटाचे अध्यक्षही तेच होते. २०११ मध्ये वैज्ञानिक सचोटीचा भंग झाल्याच्या कारणावरून संस्थेने त्यांना बडतर्फ केले. त्यापूर्वीच, २००८ मध्ये, आठ हजारांवर रुग्णांच्या पॉइज चाचणीने याच गटातील मेटोप्रोलॉलमुळे झटके कमी झाले तरी मृत्यू आणि पक्षाघात वाढतात, असे दाखवले होते. पुढे वादग्रस्त अभ्यास वगळून केलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात) शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या या औषधांमुळे तीस दिवसांतील मृत्यू २७ टक्क्यांनी वाढत असल्याचे निघाले. हे आकडे वाचले की शस्त्रक्रियेच्या टेबलावरचे रुग्ण डोळ्यांपुढे येतात. एच-इंडेक्सला यातले काहीच दिसत नाही. निबंध खोडून काढण्यासाठी केलेला उल्लेखही त्यात जमेलाच धरला जातो.

मीठ_आणि_मापे
भूलतज्ज्ञांच्या शेवटच्या वाक्याला प्रामाणिक मतभेदाचे उदाहरण जोडतो. प्युअर या बहुराष्ट्रीय अभ्यासातील मिठाविषयीचे २०१४ चे निबंध खूप उद्धृत झाले, कारण त्यांनी अतिशय कमी सोडियमच्या शिफारशीवर शंका घेतली; पण एका वेळच्या लघवीच्या नमुन्यावरून दिवसाचे सोडियम ठरवण्याच्या पद्धतीवर टीका करणाऱ्यांचेही उल्लेख त्यात आहेत. अशा वादात सायटेशन्स चर्चेचा विस्तार दाखवतात, निकाल नव्हे.

स्कोपस आणि गूगल स्कॉलरमधील फरक मुख्यतः व्याप्तीचा आहे: स्कॉलर प्रबंध, पुस्तके, प्रीप्रिंट (तज्ज्ञ-परीक्षणापूर्वीचे मसुदे) असे सारेच मोजते. या विषयात आणखी एक अडचण येते. हृदयस्नायूच्या इन्फार्क्शनच्या (हृदयविकाराच्या झटक्याच्या) चौथ्या सार्वत्रिक व्याख्येसारखे दस्तऐवज सर्क्युलेशन, युरोपियन हार्ट जर्नल, जॅक अशा अनेक नियतकालिकांत एकदमच छापले जातात, त्यामुळे एकच मजकूर यादीत तीन-चार निबंध म्हणून येऊ शकतो. मार्गदर्शक सूचना मूळ संशोधनापासून वेगळ्या काढा. शिवाय ‘जोशी पी.’ किंवा ‘पाटील एस.’ या नावांखाली वेगवेगळ्या व्यक्ती एकत्र आलेल्या असतात. तेव्हा अर्जदाराकडून ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागून घ्या.

वैद्यकीय_ग्रंथपाल
सर्वांचे मनापासून आभार. योगदानाचा परिच्छेद मी आजवर तपासतच नव्हते. पण समितीने एकच आकडा द्या असा आग्रह धरला तर काय करावे?

साथरोग_अभ्यासक
तर स्कोपसचा एच-इंडेक्स तारखेसह द्यावा आणि त्याच ओळीत अर्जदाराचे पहिले निबंध-वर्ष लिहावे, कारण हा निर्देशांक वयानुसार वाढतच जातो, सहसा उतरत नाही. त्याखाली अर्जदाराने स्वतः निवडलेले तीन निबंध, प्रत्येकातील त्यांचे काम आणि एखादा निबंध मागे घेतला गेला असल्यास त्याची स्पष्ट नोंद. ही मांडणी आपण दोन्ही अर्जांसाठी अगदी सारखी ठेवा आणि समितीच्या बैठकीआधी अर्जदारांना दाखवून त्यांची सही घ्या.