पीएचपी : क्वेरीचा निकाल एकदम उचलावा की ओळीओळीने वाचावा?

धागाकर्ता :
पीएचपीतून डेटाबेसला पाठवलेल्या क्वेरीचा (मागणीचा) सगळा निकाल फेचऑलने, म्हणजे सगळ्या ओळी एकदम आणणाऱ्या फंक्शनने, अ‍ॅरेत (यादीत) भरायचा आणि मग त्यावर फोरीच (एकेक घटक घेणारा लूप) फिरवायचा, ही सवय मोडली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. शुल्काचा अहवाल सीएसव्हीत उतरवणारी माझी स्क्रिप्ट चाचणीतल्या २०० नोंदींवर बिनबोभाट चालली. प्रत्यक्षात ३ लाख नोंदी आल्या, तेव्हा १२८ एमबीची मेमरी मर्यादा ओलांडून ती मध्येच बंद पडली. व्हाइल लूपमध्ये (अट खरी असेपर्यंत फिरणाऱ्या लूपमध्ये) फेचने एकेक ओळ घ्यावी, लिहावी आणि सोडून द्यावी.

प्रतिसाद १ :
असहमत. आपले उदाहरण अहवालाचे आहे. नेहमीच्या पानावर वीस-पंचवीसच नोंदी असतात आणि त्याही लिमिट (नोंदींच्या संख्येची मर्यादा) लावून आणलेल्या. अ‍ॅरे हाती असला की टेम्प्लेटला (पानाच्या मांडणीच्या फाइलला) डेटाबेसशी देणेघेणे उरत नाही, नोंदी मोजता येतात आणि तीच यादी पुन्हा फिरता येते. मायएसक्यूएलआय आणि पीडीओ हे पीएचपीतून डेटाबेसशी बोलण्याचे दोन मार्ग. मायएसक्यूएलआयमध्ये डेटा सीकने निकालात मागे जाता येते, पण मायएसक्यूएल या डेटाबेसवर पीडीओ वापरताना तशी सोय नाही. शिवाय फेचकॉलमवर (ओळीतला एकच स्तंभ देणाऱ्या फंक्शनवर) व्हाइल लावला आणि स्तंभात शून्य आले, तर ते 'खोटे' धरले जाऊन लूप तिथेच थांबतो. ही चूक मी इतरांच्या कोडमध्ये अनेकदा दुरुस्त केली आहे.

प्रतिसाद २ :
मूळ मुद्दा बफरचा आहे. पीडीओचा मायएसक्यूएल ड्रायव्हर (जोडणी सांभाळणारा भाग) मुळातच बफर केलेली क्वेरी चालवतो, म्हणजे पहिला फेच होण्याआधीच संपूर्ण निकाल पीएचपीच्या प्रक्रियेत येऊन बसलेला असतो. फेचमुळे प्रत्येक ओळीच्या अ‍ॅरेचा अतिरिक्त भार टळतो, आणि तो मोठा असतो हे खरे. पण मूळ निकालाचा भार तसाच राहतो.

धागाकर्ता :
हे मान्य, माझ्या मांडणीत ते राहून गेले. तरीही बफर बंद करणे हा सरसकट उपाय नव्हे, कारण निकाल पूर्ण वाचून होईपर्यंत त्याच जोडणीवर दुसरी क्वेरी चालवता येत नाही, आणि माझ्या अहवालात प्रत्येक ओळीमागे एक वेगळी क्वेरी होती.

प्रतिसाद १ :
मग ती वेगळी क्वेरी जॉइनमध्ये (तक्ते जोडून एकाच क्वेरीत) घ्या आणि नोंदी हजार-हजारांच्या तुकड्यांत आणा. मात्र ऑफसेट (सुरुवातीच्या इतक्या ओळी वगळा असे सांगणे) वापरू नका, कारण वगळायच्या ओळीही सर्व्हरला दर वेळी वाचाव्याच लागतात. शेवटच्या नोंदीचा आयडी (ओळख क्रमांक) लक्षात ठेवून त्यापुढच्या नोंदी आयडीच्या क्रमाने मागवा. त्या हजारांसाठी मी फेचऑलच वापरेन.